जेथे हात लागला, तेथेच दोष

मोटारीचा ए.सी. घरीच दुरुस्त करावा, थंड वारा येताच समाधान मानावे आणि दुसऱ्या दिवशी पेढीवर निघताना किल्ली फिरवताच गाडीने मौन धरावे, असा प्रसंग अनेक गृहस्थांवर येतो. अशा वेळी नवी बॅटरी वा स्टार्टर घेण्याची घाई करू नये. आदल्या दिवशी जेथे हात लागला, तेथेच बहुधा दोष असतो.

प्रथम आवाज ऐकावा. नुसती टकटक होऊन दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरलेली असते किंवा तिचे टर्मिनल सैल राहिलेले असते. इंजिन बंद ठेवून पंखा दीर्घकाळ तपासला की बॅटरी उतरते. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२ च्या खाली असल्यास ती चार्ज करावी.

काहीच आवाज नसेल, तर फ्यूज जळाला आहे काय, अथवा तपासणीत काढलेला रिले भलत्याच जागी बसला आहे काय, हे पाहावे. इंजिन फिरते पण सुरू होत नाही, तर कॉम्प्रेसरजवळ सुटलेला सेन्सरचा जोड शोधावा.

फ्यूज बदलताना तितक्याच अँपिअरचा घ्यावा. त्याऐवजी तार जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

इतके करूनही यश न आल्यास मेकॅनिकला बोलवावे आणि आपण केलेली खटपट संकोच न बाळगता सांगावी. लपविलेल्या चुकीचे बिल नेहमीच मोठे येते.