लाखोरीचा धोका कोणी मोजायचा?



गेल्या महिन्यात एका गावच्या ग्रामसभेत लाखोरीवरून चांगलीच जुंपली. एक पोरगा मोबाईल घेऊन उभा झाला. लाखोरीत विष असते, ती खाल्ल्याने माणूस पायाने अधू होतो, सरकारने बंदी घातली होती, असं त्यात सांगत होते. मागून एक आजी बोलली, "आमी त जलमभर खाल्लो बापा, आमाले काई झालं नाई." अर्धी सभा पोराकडून, अर्धी आजीकडून. लाखोरी पेरायची की सोडायची, काहीच ठरलं नाही.

आम्ही कार्यकर्ते तिथं हजर होतो. आम्हालाही त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही, हे कबूल करतो. नंतर आम्ही वाचलं, माहीतगारांना विचारलं, आपसात वाद घातला. आमचं मत असं झालं की दोघांच्याही बोलण्यात खरं आहे, पण खरा प्रश्न दोघांनीही विचारला नाही. धोका कोणाला आहे, किती आहे, कशामुळं आहे आणि तो ठरवायचा कोणी? हा लेख त्यासाठी आहे.

लाखोरी आपल्या भंडारा जिल्ह्याला नवी नाही. धान कापायच्या आधी बांधीत ओल असते, त्या ओलीवर उतेरा टाकला की नांगर नको, पाणी नको, खत नको. पाऊस दगा देऊन धान गेलं तरी लाखोरी येते. कोवळ्या पाल्याची भाजी होते, डाळीचे वडे होतात, कुटार बैलाला होते. म्हणून ती गरिबाची डाळ. आणि तिच्यात विष आहे हेही खोटं नाही. दाण्यात एक द्रव्य असते, ते माणसाच्या नसांना मारते. पहिले पोटरीत गोळे येतात, पाय जड होतात, चालताना अडखळायला होते. मग पाय ताठ होऊन काठी घ्यावी लागते, आणि जास्त झालं तर माणूस जमिनीवर सरपटतो. हा रोग एकदा पक्का झाला की बरा होत नाही. तो जास्त करून कामाच्या वयाच्या जवान पुरुषांना धरतो.

मग बंदी बरोबरच होती ना? थांबा. इथं एक गोष्ट समजून घ्यायची आहे.

घातक वस्तू वेगळी आणि धोका वेगळा. रानात अस्वल आहे. अस्वल घातक आहे. पण तुम्ही घरी खाटेवर बसले असाल तर त्या अस्वलाचा तुम्हाला काय धोका? एखादी बाई पहाटे अंधारात एकटी मोहफूल वेचायला गेली, खाली वाकून वेचत आहे, मागं लक्ष नाही, तिला धोका मोठा. चार जणी मिळून, उजाडल्यावर, बोलत-ओरडत गेल्या तर धोका कमी. अस्वल तेच, रान तेच. बदललं काय? किती जवळ गेलो, किती वेळ गेलो, आणि जाणारा किती लाचार होता. ज्या घरात आज मोहफूल आणलं नाही तर चूल पेटत नाही, ती बाई अंधारातही जाणार. म्हणून धोका मोजताना चार गोष्टी पाहाव्या लागतात: वस्तू किती घातक, ती अंगाला किती लागते, किती दिवस लागते, आणि लागणाऱ्याच्या अंगात किती ताकद आहे.

लाखोरीचं तसंच आहे. जेवणात भात आहे, तूर आहे, भाजी आहे आणि सोबत कधीमधी लाखोरीचे वडे आहेत, अशा माणसाला ती बाधत नाही. तीच लाखोरी जेवणाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त झाली, दोन-तीन महिने सलग झाली, आणि माणूस आधीच उपाशी असला, की पाय जातात.

आता इतिहास पाहा. सुमारे 1830 च्या काळात सागर भागात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशात, लागोपाठ वर्षं गहू बुडाला. तगली ती फक्त ही डाळ. लोक तिच्यावरच जगले आणि पुढं गावोगावची जवान माणसं पायाने गेली. स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे लिहून ठेवलं आहे. रीवा भागात वेठबिगार सालदारांना मजुरी म्हणून हीच डाळ देत. मालकाच्या घरी गहू-तांदूळ, गड्याच्या घरी ही. पाय कोणाचे गेले? गड्याचे. दुसऱ्या महायुद्धात, 1942-43 साली, युरोपात वाप्नियार्का नावाच्या छावणीत ज्यू कैद्यांना हीच डाळ रोज खाऊ घातली. थोड्याच महिन्यांत शेकडो कैदी लुळे झाले. कैद्यांमध्येच डॉ. आर्थर केसलर होते, त्यांनी रोग ओळखला आणि डाळीवर बोट ठेवलं. आफ्रिकेतल्या इथिओपियात दुष्काळाच्या वर्षांत हाच रोग पसरला.

सागर, रीवा, छावणी, इथिओपिया. जात वेगळी, धर्म वेगळा, देश वेगळा. सगळीकडं एकच गोष्ट सारखी आहे. त्या माणसांपाशी दुसरं खायला नव्हतं. कोणापाशी जमीन नव्हती, कोणापाशी मोकळीक नव्हती, कोणापाशी पाऊस नव्हता. विष दाण्यात होतं, पण पाय गेले ते उपासमारीनं आणि लाचारीनं.

सरकारने काय केलं? 1961 साली अन्नभेसळीच्या कायद्याखाली लाखोरीच्या विक्रीवर बंदीची तरतूद आली. विकायला बंदी, पेरायला नाही. ज्या सालदाराला मजुरीत डाळ मिळत होती तो दुकानात विकत घ्यायला थोडाच जात होता? जो आपल्याच बांधीतली खात होता, त्याला बंदीचा काय उपयोग? ज्याला धोका सगळ्यात जास्त, त्याच्या ताटात बंदीनं तांदळाचा एक दाणा वाढवला नाही. उलट बंदीचं नाव सांगून भाव पाडायला व्यापाऱ्याला मोकळं रान मिळालं. आपल्याकडून पडत्या भावात घ्यायची आणि बेसनात, तुरीच्या डाळीत मिसळून चढत्या भावात विकायची, हा धंदा चालला. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी बंदीच्या विरोधात वर्षानुवर्षं लढले. 2016 च्या सुमारास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनंही कमी विषाच्या जातींना हरकत नाही असं मत दिलं. रतन, प्रतीक, महातिवरा या त्या जाती. त्यांत विष कमी आहे, पण अजिबात नाही असं नाही.

हा रोग आज पहिल्यासारखा दिसत नाही. काऊन? आमच्या मते त्याचं मोठं कारण म्हणजे ताटात दुसरं अन्न आलं. रेशनचा तांदूळ आला, रोजगार हमीचं काम आलं, मजुरी पैशात मिळू लागली, काहींना जमिनीचा पट्टा मिळाला. धोका असा कमी होतो. नुसता बंदीचा फलक लावून होत नाही.

आता आजीला, मान राखून, एक सांगायचं आहे. "मले काई झालं नाई" हा पुरावा होत नाही. ज्यांना झालं ते सभेत बोलायला आले नाहीत, एवढंच. विडी ओढणारा एखादा म्हातारा नव्वद वर्षं जगतो, म्हणून विडी चांगली ठरत नाही. आणि जे नुकसान परत भरून येत नाही, तिथं शक्यता कमी असली तरी आधीच सावध व्हायचं. ताप आला तर उतरतो. गेलेले पाय येत नाहीत.

पोरालाही सांगायचं आहे. "विष आहे" एवढ्यावर थांबू नको. कोणाला, किती, किती दिवस, हे विचारल्याशिवाय घाबरायचंही नाही आणि दुसऱ्याला घाबरवायचंही नाही. भीतीनं पीक सोडलं तर कोरड्या वर्षी त्या घरात काय शिजेल, हाही धोक्याचाच हिशेब आहे. तो त्या मोबाईलमध्ये नव्हता.

हे सगळं आम्ही एका डाळीपुरतं लिहीत नाही. 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. तेव्हापासून "वाघाचा धोका आहे, रानात जाऊ नका" हे आपण किती वेळा ऐकलं! वाघाचा धोका आहेच. माणसं गेली आहेत, आपण त्यांना खांदा दिला आहे. पण मोहफूल, तेंदूपत्ता, सरपण बंद झालं तर घरात येणारी उपासमार कोणाच्या वहीत लिहितात? एका साहेबांना आम्ही हे विचारलं तर म्हणाले, तो आमचा विषय नाही. तिथंच घोळ आहे. ज्याच्या पोटाला झळ लागत नाही तो धोका मोजतो, आणि ज्याला झळ लागते त्याला कोणी विचारत नाही. बाहेरचा जाणकार पाहिजेच. विष किती, वाघ कुठं फिरतो, हे त्यानं सांगावं. पण कोणता धोका पत्करायचा आणि कोणता नाही, हे त्याच्या एकट्याच्या हातात देऊ नका. वनहक्क कायदा 2006 नं रानाच्या बाबतीत ग्रामसभेला हक्क दिला आहे. तो हक्क कागदावर ठेवायचा नाही.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत ठरवायला आम्ही हे मांडतो:

1. आषाढ-श्रावणात कोणत्या घरात धान संपते, कोणाचं रेशनकार्ड नाही, कोणाचं नाव कटलं, याची यादी गावानेच करावी. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात अंत्योदय घराला महिन्याला 35 किलो आणि प्राधान्य घराला माणशी 5 किलो धान्याचा हक्क आहे. लाखोरीच्या रोगावर पहिलं औषध हेच.

2. मजुरीत कोणीही लाखोरी देऊ नये, कोणी घेऊ नये.

3. शिजवायच्या आधी डाळ गरम पाण्यात भिजू द्यावी आणि ते पाणी फेकून द्यावं. बराचसा दोष पाण्यात उतरतो, सगळा नाही. नुसती भाजून भागत नाही. रोज आणि एकटी लाखोरी खाऊ नये, भात आणि दुसरी डाळ सोबत असावी.

4. कोणाच्या पोटरीत गोळे येत असतील, पाय जड होत असतील, तर त्याच दिवसापासून लाखोरी बंद करावी आणि आरोग्य केंद्रात न्यावं. काय खातो ते डॉक्टरला स्वतःहून सांगावं, लाजू नये.

5. कृषी सहाय्यकाला ग्रामसभेत बोलवून कमी विषाच्या जातीचं बियाणं मागावं, आणि मागणी ठरावात लिहून घ्यावी.

6. ज्यांचे वनहक्क दावे पडून आहेत त्यांचा पाठपुरावा याच यादीसोबत करावा. ज्या घराला स्वतःची बांधी आहे, त्या घरात धान, तूर, लाखोरी तिन्ही पिकतात. ज्याला जमीन नाही, त्याला जे मिळेल ते खावं लागते.

आजी आणि तो पोरगा, दोघांनाही आम्ही यादीच्या कामात घेतलं आहे. आजीला माहीत आहे कोणत्या घरी चूल कधी विझते. पोराला लिहिता येते. तुमच्या गावात हे काम कोण करणार, ते ठरवा आणि पुढच्या अंकाच्या आधी आम्हाला कळवा.