डेव्हलपर कोणता निवडावा?

आमच्या शाळेतील काही विद्यार्थी वाडवडिलांचे जुने कॅमेरे पेटीतून काढून पुन्हा कृष्णधवल फिल्मवर छायाचित्रे घेऊ लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. त्यामुळे "सर, डेव्हलपर कोणता घ्यावा?" हा प्रश्न आम्हास वारंवार विचारला जातो. आमचे उत्तर असे की, अधिक नावाजलेला तो नव्हे, तर आपल्या गावच्या उष्णतेस मानवेल तो घ्यावा. आणि एकदा घेतल्यावर उगाच बदलू नये.

याचे कारण उघड आहे. डेव्हलपरचे कोष्टक बहुधा २० अंश सेल्सिअस धरून छापलेले असते. बोर्लीस वैशाखात घरातील पाणी २७ अंशांखाली क्वचितच उतरते. उष्णता एक अंशाने वाढली की लागणारा वेळ सुमारे एक दशांशाने घटतो. एचपी-५ प्लस या फिल्मला आयडी-११ तसाच वापरल्यास २० अंशांवर साडेसात मिनिटे लागतात. २७ अंशांवर चारदेखील उरत नाहीत, आणि पाच मिनिटांच्या आत प्रतिमा सर्वत्र सारखी उमटेल याची शाश्वती नसते. त्यातच तितकेच पाणी मिसळले, तर १३ मिनिटांची सुमारे साडेसहा होतात व काम निर्धास्तपणे करता येते. बर्फाने द्रावण थंड करता येते हे खरे. परंतु पुढील फिक्सर व धुण्याचे पाणी उष्णच राहिल्यास फिल्मवरील सरसास सुरकुत्या पडण्याचे भय असते. म्हणून आयडी-११, अथवा १९२७ पासून प्रचारात असलेला त्याच पाककृतीचा डी-७६, समभाग पाण्यात मिसळून एकदाच वापरावा व टाकून द्यावा, असे आमचे मत आहे. वर्षातून एखादीच फिल्म धुणाऱ्याने १८९१ सालचा रोडिनल घ्यावा. त्याची बाटली वर्षानुवर्षे टिकते. मात्र चित्राचा कण भरड दिसतो.

ही शिकवण आम्हास फुकट मिळालेली नाही. २०२० च्या आरंभी आम्ही एका पोफळीच्या वाडीची छायाचित्रे घेतली आणि कोणीतरी वाखाणलेल्या नव्या द्रावणात, उष्णतामान न मोजताच, ती फिल्म धुतली. निगेटिव्ह काळीकुट्ट निघाली. 'पुन्हा घेऊ,' असे म्हणून आम्ही स्वस्थ बसलो. ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले आणि ती वाडी आडवी झाली. दोष द्रावणाचा नव्हता, आमच्या उतावीळपणाचा होता.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हा सरस्वतीबाई घरी रसायने मिसळून फिल्म धुण्यास हातभार लावीत. साधने मोजकी असली तरी काम अडत नाही, हे त्या घराने दाखविले आहे.

पालकांस आमची विनंती इतकीच की, मुलांस दुसरी महाग बाटली घेऊन देण्यापूर्वी एक चांगला थर्मामीटर घेऊन द्यावा. जे एकदाच दिसते ते जपावयाचे, तर हाताला आधी मोजमापाची सवय हवी.