आधी वही, मग सही

मराठीत 'पत' हा एकच शब्द दोन अर्थांनी वावरतो. चारचौघांत माणसाला असलेला मान ही त्याची पत. आणि त्याच्या शब्दावर सावकाराने अगर बँकेने ठेवलेला विश्वास, तीही पतच. ज्याने आयुष्यभर वेळेवर देणी फेडली, त्याला पतपेढीच्या पायरीवर आणि चर्चच्या पायरीवर सारखाच नमस्कार मिळत आला आहे. अशी ही वीस-तीस वर्षांत कणाकणाने साठवलेली पुंजी आमची माणसे एका सहीसरशी दुसऱ्याच्या स्वाधीन करतात, आणि तो दुसरा 'आपला' आहे एवढ्यावर समाधान मानतात. ह्या प्रथेविरुद्ध आम्हांला आज स्पष्ट बोलावयाचे आहे.

प्रसंग बहुतेकांच्या परिचयाचा आहे. रविवारच्या मिस्सेनंतर मेहुणा घरी येतो. केटरिंगचा धंदा वाढवायचा आहे, टेम्पो घ्यायचा आहे, कर्ज मंजूर झाल्यातच जमा आहे, एका जामीनदाराची सही तेवढी बाकी आहे. 'नुसती औपचारिकता आहे', असे तो म्हणतो. चहा निवण्यापूर्वी सही होते. घरची गृहिणी त्या वेळी आत स्वयंपाकघरात असते. तिला ही गोष्ट कळते ती दोन-तीन वर्षांनी, नोटीस हाती पडल्यावर.

आमच्या माहितीतील एका शिक्षकाने आपल्या बहिणीच्या यजमानांसाठी अशीच सही केली होती. धंदा बसला. कर्जदाराचे उत्पन्न कुणाच्या हाती लागेना. शिक्षकाचा पगार मात्र दरमहा ठरल्या तारखेस होत असे, म्हणून वसुली तिकडे वळली. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडावी लागली. पैशांची तोंडमिळवणी पुढे कशीबशी झाली. पण ती भावंडे आज एकाच मंदिरात, एकाच मिस्सेला, दोन निरनिराळ्या बाजूंच्या बाकांवर बसतात. धर्मगुरू एकमेकांना शांती देण्यास सांगतात, तेव्हा दोघेही शेजारच्या परक्या माणसाकडे वळतात. ही थकबाकी बँकेच्या कोणत्याही खातेउताऱ्यावर दिसत नाही.

'औपचारिकता' ह्या शब्दाची तपासणी आता करू या. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील १२८ वे कलम सांगते की, करारात निराळे काही ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मुद्दलाची, तशीच व्याजाची. अनेकांचा समज असा की, बँक आधी कर्जदाराचे घरदार विकील आणि काही उरलेच तर आपल्याकडे येईल. हा समज १९६८ सालीच निकालात निघाला आहे. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ कर्जदाराविरुद्धचे सर्व उपाय संपेपर्यंत बँकेने थांबावे, असे बंधन तिच्यावर घालता येत नाही. धनकोला थांबावे लागू नये, म्हणूनच तर जामीन घेतलेला असतो.

सहकारी बँकेचे वा पतसंस्थेचे कर्ज असेल, तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या १०१ व्या कलमाखाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि तो जामीनदारावरही बजावला जातो. घर तारण दिले असेल, तर २००२ च्या सिक्युरिटायझेशन कायद्याप्रमाणे साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, ताब्याची कारवाई सुरू करता येते. हा कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे, असा निर्णय २०२० मध्ये झाला. शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे. परंतु वाडी गहाण टाकली असेल, तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' ह्या रकान्यात बोजा चढतोच. आजोबांनी केळी, पानवेल लावून राखलेल्या जमिनीवर भाच्याच्या धंद्याचे ओझे लिहिले जाते.

धंदा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावाने असला म्हणजे आपण सुरक्षित, ही समजूतही खोटी आहे. कंपनीची जबाबदारी मर्यादित असते. तिच्यासाठी व्यक्तिशः जामीन राहणाऱ्याची तशी नसते. दिवाळखोरी संहितेखाली कंपनीच्या कर्जाची तडजोड मंजूर झाली, तरी व्यक्तिगत जामीनदार आपोआप मुक्त होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. सही करणारा मरण पावला, तरी मागील देणे त्याच्या मालमत्तेला चिकटून वारसांपर्यंत पोहोचते.

आणखी एक नुकसान गुपचूप होते. आपण जामीन राहिलेले कर्ज सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीच्या अहवालात आपल्याही नावापुढे नोंदले जाते. ३०० ते ९०० ह्या आकड्यांत आपली पत तेथे मांडलेली असते. मेहुण्याचे हप्ते थकले की आपला आकडा उतरतो. आणि उद्या मुलीच्या परिचारिका शिक्षणासाठी कर्ज काढावयास गेलो, की ज्या बापाने स्वतः एक रुपयाही बुडवला नाही, त्याच्याकडे अधिकारी संशयाने पाहतो.

'हे तर चोर सोडून संन्याशाला सुळी देणे झाले!' असा आक्रोश मग ऐकू येतो. आम्हांला तो मान्य नाही. ज्याने स्वतःच्या हाताने लिहून दिले, त्याने संन्याशाची भगवी वस्त्रे पांघरू नयेत. बँकेने आपल्याला फसवलेले नसते. आपण न वाचता सही केली, कारण वाचणे हा नातलगाचा अपमान ठरेल अशी आपल्याला भीती वाटली. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्या वाडवडिलांनी उगाच म्हटलेले नाही.

येथे कुणी म्हणेल, परस्परांच्या जामिनावरच तर आपला समाज उभा राहिला. खरे आहे. जर्मनीत राइफायझेनने एकोणिसाव्या शतकात उभारलेल्या ग्रामीण पतसंस्था सभासदांच्या अमर्याद सामुदायिक जबाबदारीवर चालत. भारतात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि १९१८ साली वसईत आपल्याच बांधवांनी कॅथॉलिक सहकारी बँकेची स्थापना केली. ह्या परंपरेचा आम्हांला अभिमान आहे. पण गावच्या पतसंस्थेमागचा विचार काय होता? शेजाऱ्याला शेजाऱ्याची वाडी ठाऊक असते. कर्ज काढून त्याने मोट बसवली की लग्नाचा मांडव घातला, हे त्याला कुंपणावरून दिसते. जामीन म्हणजे डोळ्यांनी पाहणाऱ्याची साक्ष होती. आजचा जामीनदार धंद्याची वही पाहत नाही, देणेकऱ्यांची यादी विचारत नाही, आणि कर्जाचा पैसा नव्या टेम्पोत गेला की जुन्या सावकाराच्या घशात, हे त्याला अखेरपर्यंत कळत नाही. अशा न पाहता दिलेल्या साक्षीला आपण प्रेम म्हणू लागलो आहोत.

पवित्र शास्त्र ह्या बाबतीत आपल्याहून अधिक व्यवहारी आहे. नीतिसूत्रांच्या ग्रंथात, सहाव्या अध्यायापासून बाविसाव्यापर्यंत, दुसऱ्यासाठी जामीन राहणाऱ्याला पुनःपुन्हा इशारा दिलेला आढळतो. आपल्या कॅथॉलिक बायबलातील बेन सिराच्या ग्रंथाचा एकोणतिसावा अध्याय तर दोन्ही बाजू मांडतो: सज्जन मनुष्य शेजाऱ्याला जामीन राहतो हेही तो सांगतो, आणि जामीनकीने अनेक सुस्थित घरे धुळीस मिळवली हेही. ऐपतीप्रमाणे मदत कर, पण स्वतः बुडू नकोस, असा त्याचा एकूण आशय आहे.

पण प्रभू येशूच आपला जामीन झाला ना, असे आम्हांला एका भाविक गृहस्थाने विचारले. इब्री लोकांस पत्रात तसे म्हटले आहे, हे आम्ही नम्रपणे मान्य करतो. मात्र आमच्या प्रभूला आमचे संपूर्ण ऋण ठाऊक होते. त्यातली एकही बाब त्याच्यापासून दडवलेली नव्हती. आणि त्याने जे दिले ते स्वतःचे दिले. आपण सही करतो तेव्हा ऋण किती हे आपल्याला ठाऊक नसते, आणि गहाण पडते ते पत्नीचे छप्पर, मुलांचे शिक्षण आणि म्हाताऱ्या आईचे औषधपाणी. दुसऱ्याच्या वाट्याचे दान करून कुणी उदार होत नाही. संत पौलाने फिलेमोनाला लिहिताना अनेसिमाचे देणे आपल्या अंगावर घेतले, तेही उघडपणे, स्वतःच्या हस्ताक्षरात, ज्याचे देणे होते त्याच्यासमोर. चहाच्या टेबलावरच्या चोरट्या सहीशी त्याचे काय नाते?

मग नातलगाला वाऱ्यावर सोडावयाचे का? मुळीच नाही. जेवढे गेले तरी घर चालेल, तेवढे त्याला रोख द्यावे. पतिपत्नींनी मिळून, दिवसाउजेडी द्यावे. परत आले तर देवाचे आभार मानावेत, न आले तर भाऊ तरी शाबूत राहतो. जामीन राहणे अटळच असेल, तर जबाबदारीची रक्कम करारात लिहून मर्यादित करून घ्यावी, प्रत्येक कागदाची प्रत मागावी, खातेउतारा दर तिमाहीस पाहावा. कॅश क्रेडिटसारख्या चालू खात्याला दिलेला जामीन पुढील व्यवहारांपुरता नोटीस देऊन मागे घेता येतो, हे १३० व्या कलमात आहे. परंतु आपण सही केलेल्या छापील करारात ह्या हक्कावर पाणी सोडलेले नाही ना, हे आधी वाचावे. कोरा धनादेश तर सख्ख्या भावालाही देऊ नये. तो न वटल्यास १३८ व्या कलमाखाली आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो तो सही करणारा.

आणि मागणाऱ्यांनाही आमचे चार शब्द आहेत. आपल्या भावाची पत वापरण्याचा प्रश्न येतो, तेव्हा आपल्या धंद्याची वही त्याच्यापुढे उघडणे हे आपले पहिले कर्तव्य आहे. आधी वही, मग सही. वही दाखवावयास जो कचरतो, त्याला उत्तर मिळालेलेच आहे. धर्मग्रामांतील विवाहपूर्व शिबिरांत प्रेम, प्रार्थना आणि मुलांचे संगोपन ह्यांवर व्याख्याने होतात. त्यांच्या जोडीला एक तास ह्या विषयाला मिळावा, अशी आमच्या धर्मगुरूंना विनंती आहे.

येत्या रविवारी मिस्सेनंतर कुणी आपल्याकडे कागद घेऊन आलाच, तर त्याला बसवावे, चहा द्यावा आणि गृहिणीला बाहेर बोलवावे. कागद तिघांनी मिळून मोठ्याने वाचावा. त्यानंतर जो होकार किंवा नकार दिला जाईल, तो ऐकून पुढच्या मिस्सेत एकमेकांना शांती देता येईल.