लुळा हात आणि हातचे सहा महिने

दुचाकी घसरते, माणूस खांद्यावर आपटतो. हाड मोडलेले नसते, खरचटलेले आठ दिवसांत भरते. पण हात उचलत नाही. 'नस दबली असेल' म्हणून मालीश, हाडवैद, पंचकर्म असे करता करता वर्ष सरते. सरकारी रुग्णालयात असे तरुण येतात, तेव्हा अनेकदा दुरुस्तीची वेळ टळून गेलेली असते.

हाताला चालना आणि संवेदना देणारे, मानेतून निघणाऱ्या पाच मुख्य नसांचे जाळे कॉलरबोनमागून काखेत उतरते. त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. खांदा खाली आणि मान विरुद्ध बाजूला झटक्यात गेली की ते ताणले जाते. नस नुसती ताणली असेल, तर काही आठवड्यांत आपोआप सुधारते. त्या काळात तेल चोळले असेल, तर श्रेय तेलाला मिळते आणि तोच सल्ला गावभर फिरतो. पण नस तुटली किंवा मज्जारज्जूतून उपटली गेली असेल, तर ती कोणत्याही तेलाने, काढ्याने वा गोळीने जुळत नाही. आमच्या गोळ्यांनीही नाही.

येथे घड्याळ महत्त्वाचे. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. मानेपासून दंडाच्या स्नायूपर्यंत पोचायलाच तिला कित्येक महिने लागतात. नसेविना १२ ते १८ महिने राहिलेला स्नायू पुढे नस पोचूनही सहसा जागा होत नाही. म्हणून नस जोडण्याची किंवा दुसरीकडची नस वळवण्याची शस्त्रक्रिया ३ ते ६ महिन्यांत व्हावी लागते.

आयुर्वेदाला या जागेचे मोल ठाऊक होते. छाती आणि काख यांमधल्या 'कक्षधर' मर्माला इजा झाल्यास पक्षाघात होतो, असे सुश्रुताने नोंदवले आहे. तो स्वतः शल्यवैद्य होता. त्याचे नाव घेऊन शस्त्रक्रिया टाळणे त्याला तरी पटले असते का?

वैद्यांकडे जाऊच नये, असे नाही. हलक्या मालीशने आराम वाटतो. मात्र सांधे आखडू नयेत यासाठी रोजचा व्यायाम हवाच. बधिर हाताला शेक देताना जपावे. चटका कळत नाही आणि कातडी भाजते. शिसे, पारा असलेली भस्मे बेभरवशाच्या ठिकाणाहून घेऊ नयेत. शिसे स्वतःच नसांना अपाय करते.

नियम सोपा आहे. हात उचलत नसेल, तर पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. तीन-चार आठवड्यांनी नसांची विद्युत तपासणी करून घ्या. तीन महिन्यांत सुधारणा नसेल, तर शल्यचिकित्सकांचे मत घ्याच. पूर्ण हात लुळा, त्यात असह्य जळजळ किंवा त्या बाजूची पापणी खाली आलेली असेल, तर तीन महिनेही थांबू नका. जन्मताना हात लुळा पडलेल्या बाळालाही लगेच दाखवावे. तिसऱ्या महिन्यापर्यंत ते कोपर वाकवू लागले नाही, तर तज्ज्ञांकडे न्यावे.

ग्रामीण रुग्णालयांत आयुष डॉक्टर आणि आम्ही एकाच छताखाली बसतो. दोघांनी केसपेपरवर अपघाताची तारीख ठळक लिहावी आणि तिसरा महिना उलटू न देता रुग्णाला पुढे पाठवावे. त्यासाठी आपापल्या शास्त्राचा अभिमान सोडावा लागत नाही. तेल वर्षानंतरही लावता येते. नस मात्र तोवर थांबत नाही.