हलव्याचा काटा

संक्रांतीचा हलवा घरी करणारी माणसं आता फार उरली नाहीत. पण ज्यांनी तो होताना पाहिला आहे, त्यांच्या डोळ्यांसमोरून ते दृश्य जात नाही. मंद शेगडीवर परात, परातीत मूठभर तीळ, शेजारी साखरेच्या पाकाची वाटी. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचे. सुकले की पुन्हा चमचाभर. आच वाढवली की सगळ्याचा गोळा झालाच म्हणून समजा. दोन-तीन दिवस असे गेले, बोटांची टोकं लाल झाली, की कुठे तिळावर काटा दिसू लागतो.

संक्रांत आली की ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे शब्द घरोघरी म्हटले जातात आणि त्याहून कितीतरी अधिक वेळा मोबाइलवरून पुढे ढकलले जातात. रीत म्हणून आपण ते बोलतो. माझ्या मते गोड बोलणं ही आरोग्याची गोष्ट आहे, अगदी शब्दशः.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि रोनाल्ड ग्लेसर या नवरा-बायकोच्या जोडीनं एक प्रयोग केला. तो २००५ साली प्रसिद्ध झाला. ४२ विवाहित जोडप्यांना त्यांनी दोन वेळा एकेक दिवस रुग्णालयात ठेवून घेतलं आणि दोन्ही वेळा हातावर छोटे फोड आणून बारीक जखमा केल्या. पहिल्या वेळी नवरा-बायकोनं एकमेकांना आधार वाटेल असं बोलायचं होतं, दुसऱ्या वेळी घरातल्या वादाच्या विषयावर. वादानंतरची जखम भरायला जास्त वेळ लागला. ज्या जोडप्यांचं बोलणं दोन्ही वेळा कडवट होतं, त्यांच्या जखमा तर इतरांच्या अवघ्या ६० टक्के वेगानं भरत होत्या. मन दुखावलं, असं आपण म्हणतो. इथे दुखावलेल्या मनाचा हिशेब कातडीनं ठेवला होता.

त्याआधी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधक शेल्डन कोहेन यांनी २७६ धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले होते. ज्यांची नाती तऱ्हेतऱ्हेची होती, म्हणजे घरचे, शेजारी, कामावरचे सोबती, मित्र, त्यांना सर्दी कमी झाली. माणसं किती यापेक्षा नाती किती प्रकारची, याला महत्त्व होतं.

पण इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ‘मन खंबीर ठेव, बरा होशील’ असं आजाऱ्याला उठताबसता ऐकवणं हा आधार नाही, ते ओझं आहे. संशोधक जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोकं व मानेच्या कर्करोगाच्या हजाराहून अधिक रुग्णांची माहिती तपासली. कोण मनानं किती उभारीत आहे, यावरून कोण जास्त जगेल हे ठरत नव्हतं. आजार वाढला तर त्यात रुग्णाच्या मनाचा दोष नसतो. त्याला हसायला सांगू नका, त्याच्यापाशी बसा. उमेद ही एकट्यानं खोलीत बसून करायची वस्तूच नाही. बांधावरून दहा वर्षं अबोला धरलेल्या दोन भावांना कितीही सुविचार वाचायला द्या, एकाच्या अंगणात दुसऱ्याचं पाऊल पडेपर्यंत त्यांच्या छातीवरचं दडपण उतरत नाही.

आणि आपल्या रीतीत एक मोठी खोट आहे, ती सणाच्या दिवशीच बोलायला हवी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. बायकांनी एकमेकींकडे जायचं, बसायचं, बोलायचं, किती चांगली गोष्ट! पण जिचा नवरा गेला, जिला या बोलावण्याची सर्वांत जास्त गरज, तिच्याच दारावरून आपण पुढे जातो.

बाबांच्या माघारी आईची पहिली संक्रांत होती. तिची झोप उडाली होती, जेवण दोन घासांवर आलं होतं, तपासण्यांत काही निघत नव्हतं. संध्याकाळी जिन्यातून बांगड्यांचा, हसण्याचा आवाज वर जात होता. आमचं दार कुणी वाजवलं नाही. सातच्या सुमारास समोरच्या वहिनी आल्या. हातात कुंकवाची कोयरी आणि वाणाची स्टीलची वाटी.

“काकू, आधी तुम्हाला लावते. मग बाकीच्या.”

“अगं, मला कशाला आता?” म्हणत आई मागे सरकली. वहिनींनी ऐकलं नाही. कुंकू लावलं, तिच्या तळहातावर हलवा ठेवला, वाकून नमस्कार केला आणि तिथेच पाटावर बसल्या. त्यांच्या घरी बायका खोळंबल्या होत्या, तरी अर्धा तास उठल्या नाहीत. बाबांचा विषय त्यांनीच काढला. आई रडली, मग बाबांची कसली तरी फजिती सांगताना हसली. “थांब, चहा टाकते,” म्हणून उठली. कित्येक दिवसांनी ती आपणहून ओट्यापाशी गेली होती.

त्या रात्री तिनं गुळाची अख्खी पोळी खाल्ली. वर तूप मागून घेतलं.