जरा थांबून ऐकाल का?

सबमिशनचा आठवडा. रूममध्ये आम्ही चौघं, जर्नलं पूर्ण करायची मारामारी. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडून नुसती घरघर, मिक्सर चालू असल्यासारखी. दोनदा 'हॅलो' म्हणालो आणि कट केला. वर त्या आवाजाची नक्कल करून दाखवली, रूम खदखदून हसली.

रात्री मामीचा लातूरहून फोन. "अरे, मामा बोललालते. नवा नंबर घेतलाय. जेवलास का, एवढंच इचारायचं होतं त्यांना."

मित्रहो, त्या रात्री माझं जर्नल पूर्ण झालं नाही.

मामा लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम होते. सौद्याच्या वेळी सोयाबीन-तुरीच्या ढिगाजवळ उभं राहून भाव पुकारायचे. आवाज असा खणखणीत की चार दुकानं पलीकडं ऐकू जायचा. सोबत बिडी होतीच. आवाज बसला तेव्हा घरच्यांनी खडीसाखर दिली, ज्येष्ठमध दिलं. पाच महिने गेले. मग कळलं, स्वरयंत्राचा कॅन्सर, आणि बराच पुढं गेलेला. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं.

मामा वाचले. डॉक्टरांचे उपकार मोठेच आहेत. पण 'वाचले' म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो, तिथून त्यांचं खरं अवघड जगणं सुरू होतं.

आता ते गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घेतात. हवा नाकातून जात नाही, म्हणून फोडणीचा वास नीट येत नाही. गरम चहावर फुंकर घालता येत नाही. आंघोळीला पाणी गळ्यात जाईल ही धास्ती, रस्त्यावर धुळीची. हसतात, पण आवाज न करता. बोलायचं तर हनुवटीखाली एक बॅटरीवरचं यंत्र धरायचं. ते थरथरतं, आणि तोंडाच्या हालचालीनं त्या थरथरीचे शब्द होतात. राग असो की लाड, सूर एकच.

याहून वाईट आपण लोक वागतो. मामा बोलू शकत नाहीत, पण त्यांना ऐकू येतं! तरी काउंटरवरचा माणूस त्यांच्याशी ओरडून बोलतो, नाहीतर मामीकडं बघून विचारतो, "काय म्हणतात हे?" हळूहळू मामांनी बाहेर जाणंच सोडलं. आणि त्यांच्या सख्ख्या भाच्यानं तर फोनच कट केला.

मला वाटतं, इथं आपला, म्हणजे इंजिनियरिंगवाल्यांचा संबंध येतो. 1873 साली व्हिएन्नात बिलरोथ या सर्जननं कॅन्सरसाठी पहिल्यांदा पूर्ण स्वरयंत्र काढलं, आणि त्याचा सहकारी गुसेनबाउर यानं लगेच त्या रोग्यासाठी कृत्रिम स्वरयंत्र तयार केलं. आज श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या पडद्यात एक छोटा एकदिशा व्हॉल्व्ह बसवतात. छिद्र बोटानं झाकलं की फुफ्फुसातली हवा अन्ननलिकेकडं वळते आणि बराच नैसर्गिक आवाज निघतो. पण परदेशी व्हॉल्व्ह हजारो रुपयांचा, आणि काही महिन्यांनी गळायला लागला की परत बदलायचा. मुनिमाच्या पगारात कसं जमावं? बेंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी हाच प्रश्न इंजिनियर मित्र शशांक महेश यांच्यापुढं ठेवला, आणि 2015 च्या सुमारास दोघांनी मिळून 'ओम' नावाचा व्हॉल्व्ह केला. तेव्हा किंमत साधारण पन्नास रुपये!

आणि आपण? तोच लाइन फॉलोअर रोबो, तोही रेडीमेड आणलेला. मामांच्या यंत्रात बॅटरी, ऑसिलेटर आणि एक कंपणारा पडदा आहे. सेकंड इयरचं इलेक्ट्रॉनिक्स. त्याला चढ-उतार देता येईल का? हात मोकळा ठेवता येईल का? फायनल इयरला यावर कुणी प्रोजेक्ट का घेऊ नये?

आता गेटबाहेरच्या टपरीबद्दल. उपदेश करत नाही, पण स्वरयंत्राच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण बिडी-सिगारेट. सोबत दारू असली की धोका कैक पटीनं वाढतो. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसला तर खडीसाखर बाजूला ठेवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. लवकर सापडला तर लेसर किंवा रेडिएशननं आवाजासकट माणूस वाचतो. अगदी पुढच्या टप्प्यातही, 1991 साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, आधी केमो आणि मग रेडिएशन दिलेल्या 64 टक्के रुग्णांचं स्वरयंत्र वाचलं होतं. मामांचे ते पाच महिने आठवले की अजून जीव तुटतो.

असो. दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर जाऊन मामांना फोन लावला. पहिले चार शब्द कळले नाहीत. म्हणालो, "मामा, सावकाश बोला, मला घाई नाही." त्यांनी परत विचारलं. या वेळी कळलं.

"जेवलो मामा," मी म्हणालो. "तुम्ही?"