आठवीनंतरची गळती, आयुष्यभराची किंमत

पहिलीच्या पटनोंदणीत आपण मोठी मजल मारली आहे. खरी गळती लागते ती माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर. 'यू-डायस'च्या २०२१-२२ च्या आकडेवारीनुसार देशात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर शाळा सोडणाऱ्यांचे प्रमाण ३ टक्के होते. नववी-दहावीत ते १२.६ टक्क्यांवर गेले. ही चौपट वाढ केवळ घरच्या गरिबीने होत नाही. तिला कायद्यांच्या रचनेचाही हातभार आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा या वयोगटापुरतेच आहे. २०१६ मध्ये सुधारलेला बालकामगार कायदाही चौदा वर्षांनंतर फक्त धोकादायक उद्योगांतील कामालाच मनाई करतो. म्हणजे ज्या वयात शाळेचे कवच निघते, त्याच वयात मजुरीचे दार उघडते. रोजगाराच्या बाजारात मात्र किमान पात्रता दहावीची आहे. आयटीआयचे बहुतेक अभ्यासक्रम असोत वा ग्रामीण डाकसेवकाचे पद, दहावीशिवाय अर्जही करता येत नाही. दोन वर्षांची ही दरी ओलांडता न आलेला मुलगा पुढची चाळीस वर्षे अकुशल मजुरीवर काढतो.

बीडच्या ऊसतोड कुटुंबांत हा हिशेब अधिक कठोर होतो. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन आई-वडील कारखान्यावर जातात आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर परततात. धाकट्यांना सांभाळायला थोरली मुलगी बरोबर नेली जाते. एकदा शाळा सुटली की लग्नाचा विषय निघतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) राज्यातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के महिलांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते. लवकर येणारे बाळंतपण, आईचा अशक्तपणा आणि पुढच्या पिढीचे कुपोषण हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात 'गळती' या शीर्षाखाली दिसत नाही. तो आरोग्य खात्याच्या माथी पडतो. शिवाय त्या मुलीच्या शिक्षणावर सरकारने आठ वर्षे केलेला खर्चही बव्हंशी वाया जातो.

उपाय नाहीत असे नाही. अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत एसटी प्रवासाने गावाबाहेरची शाळा मुलींच्या आवाक्यात आणली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे उभारण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीला बसण्याची वाटही आहे. पण या सवलती आहेत, हक्क नव्हेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत माध्यमिक स्तरापर्यंत शंभर टक्के पटनोंदणीचे उद्दिष्ट ठेवले. कायद्याची वयोमर्यादा मात्र चौदाच राहिली. ती वाढविण्यासाठी शाळा, शिक्षक आणि वसतिगृहांवर पैसा लागेल, हे खरे. पण न वाढविण्याची किंमत आपण आजही मोजतोच आहोत, आणि तिचा सर्वात मोठा वाटा उसाच्या फडात भावंडे सांभाळणाऱ्या मुलीच्या पदरी पडतो आहे.